ब्याम्बासुरेन दावाचे चार सिनेमे, सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये

ज्यांना थोडक्यात हवं आहे त्यांच्यासाठी आधी निकाल. मंगोलियाच्या ब्याम्बासुरेन दावा या दिग्दर्शिकेचे चार सिनेमे आपल्या सोलापुरात ओळीने चार रविवारी दाखवले गेले. चारही मिळून तिकीट ३०० रुपये. पहिल्याच रविवारी पैसे वसूल झाले. हॉलच्या आणि व्यवस्थेच्या तक्रारी आहेत, त्या पुढे लिहितो. पण पुन्हा हे सिनेमे कुठे लागले, तर कामं बाजूला ठेवून जा, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जा, आणि ज्यांच्या दारात जनावर आहे किंवा एके काळी होतं त्यांना तर नक्की न्या.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरी बरीचशी मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यात गेली. त्यामुळे पडद्यावर जनावर आलं की माझं नटांकडे लक्ष राहत नाही. गाय खरंच आटलेली आहे का, बैल कुठल्या पायाने लंगडतो, हेच बघत बसतो. आपल्याकडच्या सिनेमात गाय व्याली की पुढच्याच क्षणी महिन्याभराचं कोरडं, गुटगुटीत वासरू दुडदुडत येतं. ना वार पडलेली दिसते, ना चीक, ना गाईने चाटलेलं ओलं अंग. गाय कशी विते हे घराघरात माहीत असलेल्या देशात असं का दाखवतात, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

पहिल्या रविवारी 'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' होता, २००३ चा. गोबीच्या वाळवंटातलं एक पशुपालक कुटुंब. वसंतात उंटिणी वितायत. शेवटची एक उंटीण अडते. घरची माणसं जमतात, पुढचे पाय हातात धरून कळेच्या ताला-तालाने ओढतात, आणि पांढरं पिल्लू बाहेर येतं. कॅमेरा यातलं काही टाळत नाही आणि चवीने दाखवतही नाही. माणसं कुठे उभी राहतात, मागून कोण धरतं, कधी ओढायचं आणि कधी थांबायचं, सगळं दिसतं. मी अशा अडलेल्या गाई सोडवल्या आहेत, कंदिलाच्या उजेडातसुद्धा. ओढणारा घाईला आला की आतून फाटतं. त्या माणसांनी घाई केली नाही, आणि चित्रण करणाऱ्यांनीही केली नाही.

मग उंटीण त्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही. ते कासेकडे आलं की लाथ, नाहीतर निघूनच जाते. पिल्लू ओरडत मागे मागे. घरातली बाई दूध काढून त्याला पाजते, पण असं किती दिवस चालणार?

हे आपल्याकडे गोठ्यागोठ्यात घडतं. पहिलारू गाय, त्यात अडलेली, वेदनेने बावरलेली. ती वासराला हुंगत नाही, पाजत नाही. दूध कासेत असतं, पण सोडायचं की नाही ते डोक्यातून ठरतं. वासराचा वास, सडाला लागलेलं तोंड, ओळखीचा हात आणि ओळखीचा आवाज यांनी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि पान्हा येतो. भीती किंवा दुखणं असलं की ॲड्रेनालिन आडवं येतं आणि पान्हा अडतो. आपले लोक वासराच्या अंगाला मीठ-कोंडा चोळतात, म्हणजे गाय चाटायला लागते, आणि चाटायला लागली की निम्मं काम झालं. वासरू मेलं असेल तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवतात. आणि ज्यांना एवढा धीर नसतो ते ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. दुधासाठी रोज अशी सुई देणं बेकायदा आहे. म्हशीचे हालही होतात आणि पुढे ती गाभण राहायलाही त्रास देते. तरी टोचणारे टोचतातच.

गोबीतले ते लोक काय करतात? घरातल्या दोन पोरांना, दूदे आणि उग्नाला, उंटांवर बसवून तालुक्याच्या गावी वादकाला बोलवायला पाठवतात. वादक येतो. त्याच्याकडे मोरिन खूर असतं, घोड्याच्या डोक्याची कोरीव मूठ असलेलं दोन तारांचं वाद्य. आधी तो ते वाद्य निळ्या रेशमी पट्ट्याने उंटिणीच्या वशिंडाला नुसतं अडकवतो. वारा तारांतून जातो आणि वाद्य आपोआप घुमायला लागतं. उंटीण कान टवकारते. मग तो वाद्य काढून घेऊन वाजवायला बसतो आणि घरातली सून तिच्या अंगावरून हात फिरवत गायला लागते. एकच बोल, तोच तोच, थांबत थांबत. पिल्लाला कासेशी आणतात. लाथ. पुन्हा गाणं. आणि मग उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, धार लागते, आणि ती पिल्लाला पाजते.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. माझ्या मागे शाळकरी पोरगं बसलं होतं. त्याने पुढे वाकून विचारलं, "काका, ते खरंच रडायलंय का?" म्हटलं, "पाणी खरं आहे बाळा. पण तू डोळे बघू नको, तिची कास बघ. पान्हा आलाय. तो कुणाला खोटा आणता येत नाही."

या विधीला युनेस्कोने २०१५ मध्ये तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतलं. कारण साधं आहे. गोबीतही आता उंटाऐवजी मोटारसायकल आली, पोरं शहराकडे निघाली, आणि उंटिणीला गाऊन दाखवणारी माणसं कमी झाली. दोन वशिंडांच्या उंटिणीचा गाभणकाळ १३ महिन्यांच्या आसपास असतो, म्हणजे फार तर दोन वर्षांत एक पिल्लू. ते उपाशी मेलं तर दोन वर्षं गेली. त्या कुटुंबाने वादकाला का बोलावलं, हे या हिशेबाने बघा. भाबडेपणा त्यात कुठेच नाही. चांगल्या पशुपालकाचा तो व्यवहार आहे, आणि त्यात मायाही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे शहरातल्या लोकांना पटवून देताना माझी नोकरी संपली. दावाने ते दीड तासात दाखवलं.

बाई १९७१ च्या, उलानबातर शहरात जन्मलेल्या. तिथल्या सरकारी टीव्हीवर निवेदिका आणि सहायक दिग्दर्शिका म्हणून काम केलं, मग २००० मध्ये जर्मनीत म्युनिकच्या फिल्म स्कूलला शिकायला गेल्या. उंटिणीचा हा सिनेमा त्यांनी लुइजी फालोर्नी या इटालियन सहाध्यायाबरोबर केला, कॅमेराही त्यानेच धरला. विद्यार्थ्यांचं काम, आणि २००५ च्या ऑस्करला माहितीपटांच्या नामांकनात पोचलं. कुटुंब खरं, उंट खरे, विधी खरा. काही प्रसंग मात्र गोष्ट सांगण्यासाठी त्यांच्याकडून करवून घेतलेले आहेत आणि दावाने ते कधी लपवलेलं नाही. ती या प्रकाराला कथात्म माहितीपट म्हणते. चर्चेत एका तरुणाने यावर फार हरकत घेतली. मला ती पटली नाही. पोरांना गावी पाठवण्याचा प्रसंग पुन्हा करून घेता येतो. उंटिणीकडून काहीही करवून घेता येत नाही, तिथे वाट बघत बसावं लागतं, आणि दावाची खरी कमाई त्या वाट बघण्यात आहे.

उग्ना गावात टीव्ही पाहतो आणि त्याला घरी टीव्ही हवा असतो. म्हातारे म्हणतात, दिवसभर काचेतली चित्रं बघत बसशील. शेवटी डिश येते. दावा त्या पोराला दोष देत नाही, हे मला फार आवडलं. आमच्या वस्त्यांवर डिश बसत होत्या तेव्हा मीही ती पोरं पाहिली आहेत. त्यांचा आनंद खोटा नव्हता.

दुसऱ्या रविवारी 'द केव्ह ऑफ द येलो डॉग', २००५ चा. माझ्या मते चौघांत हा सगळ्यांत निर्दोष. जर्मनीत २००६ मध्ये उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. पण बालचित्रपट म्हणून मोठ्यांनी टाळू नये.

गोष्ट एवढीशी आहे. नानसाल नावाची सहा वर्षांची पोर एका कपारीतून कुत्रं घरी आणते. बाप म्हणतो, हे लांडग्यांत राहिलेलं असणार, याच्या वासावर लांडगे आपल्या मेंढरांपर्यंत येतील, सोडून ये. पोर ऐकत नाही. मुक्काम हलवायची वेळ येते. बाप, आई, तीन लेकरं, सगळं एक खरं कुटुंब आहे, बाचुलून त्यांचं नाव. गोष्ट रचलेली, पण घर त्यांचंच, मेंढरं त्यांचीच.

आता हा सिनेमा सोलापूरकराने कसा पाहावा ते सांगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या उशाशी आहे. त्या गवताळ माळावर लांडगे आहेत, आणि त्याच माळावर धनगरांची मेंढरं चरतात. लांडग्याने रात्री वाड्यात शिरून मेंढरं मारली की सकाळी पंचनाम्याला आम्ही जायचो. कुत्र्यांमुळे लांडगा दूर राहतो, आणि कुत्र्यांमुळेच पिसाळणं आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा साथरोग लांडग्यापर्यंत पोचतात. तेव्हा सिनेमातला बाप मला दुष्ट वाटला नाही. शेजारच्या बाई त्याच्यावर चिडल्या होत्या, "एवढ्याशा पोरीचं मन मोडतो," म्हणाल्या. पण सिनेमाच्या सुरुवातीलाच लांडग्यांनी त्याची मेंढरं मारलेली आहेत. तो त्या मेंढरांची कातडी विकायला मोटारसायकलवरून शहरात जातो आणि येताना लेकरांसाठी खेळण्यातलं गुलाबी कुत्रं आणि घरासाठी प्लॅस्टिकची पळी आणतो. पळी गरम भांड्यात वितळते. यावर कोणी बोलत नाही.

आणि त्या लेकरांचं वागणं! अभिनय म्हणावा असं त्यात काही नाहीच. आई नानसालला सांगते, तळहात ताठ कर आणि आता त्याला चावून दाखव. पोर तोंड वेडंवाकडं करते, जमत नाही. इतक्या जवळ असूनही चावता येत नाही ना, मग दिसेल ते सगळं आपल्याला मिळालंच पाहिजे असं नसतं. पुढे एक म्हातारी सुई उभी धरते, तिच्या टोकावर तांदळाचे दाणे ओतते आणि पोरीला सांगते, एक दाणा टोकावर राहिला तर सांग. किती ओतले तरी राहत नाही. माणसाचा जन्म मिळणं इतकं अवघड आहे. आपल्या कीर्तनांत नरदेहाचं दुर्लभपण कितीदा ऐकलं आहे, पण हातात तांदूळ घेऊन सहा वर्षांच्या पोरीला समजेल असं कोणी दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुक्काम मोडण्याचा प्रसंग चित्रपटाचा कळस आहे, असं मी म्हणेन. ते गोल घर, त्याला गेर म्हणतात, कापडं सोडून, नमद्याचे थर उतरवून, लाकडी जाळी मिटवून गाड्यांवर कसं चढतं, हे जवळपास पूर्ण दाखवलं आहे. कुठेही पाटी नाही, निवेदन नाही. वारीच्या मुक्कामाला तंबू उतरवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या हातांची लय लगेच कळेल. याच गडबडीत धाकटं बाळ मागे राहतं, आणि माळावर गिधाडं उतरलेली असतात. पुढचं सांगत नाही.

गिधाडांवरून एक आठवलं म्हणून लिहितो. आपल्याकडे मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरलेला शेवटचा कधी पाहिला, हे पन्नाशीच्या खालच्या माणसाला विचारून बघा. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. पडद्यावर एवढी गिधाडं एकत्र दिसली तेव्हा बाळाची काळजी वाटायच्या आधी माझ्या तोंडून "अरे वा" निघालं.

तिसरा सिनेमा 'द टू हॉर्सेस ऑफ चंगीझ खान', २००९ चा. उर्ना चाहार-तुगची ही चीनच्या ताब्यातल्या अंतर्मंगोलियातली गायिका. तिच्या आजीचं मोरिन खूर माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत मोडलं गेलं. वाद्याचा वरचा भाग तेवढा उरला, त्यावर एका जुन्या गाण्याच्या ओळी कोरलेल्या, पण गाणं अपुरं. ती उलानबातरला वाद्य दुरुस्तीला देते आणि उरलेली कडवी शोधत मंगोलियाभर हिंडते. आवाज अप्रतिम. पण सिनेमा म्हणून मला हा चौघांत कमी वाटला. प्रवास ठरवून केलेला दिसतो, माणसं भेटतात ती कॅमेऱ्याला सांगायचं ते सांगून जातात. पहिल्या दोन सिनेमांत जे आपल्याला नुसतं बघून कळत होतं ते इथे बोलून दाखवलं जातं. गाण्याची आवड असणाऱ्यांनी जरूर पाहावा, इतरांनी शेवटी ठेवला तरी चालेल.

चौथा 'व्हेन्स ऑफ द वर्ल्ड', २०२० चा, बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात दाखवलेला. दावाचा हा पहिला पूर्ण काल्पनिक कथापट. अमरा नावाचा पोरगा, टीव्हीवरच्या 'मंगोलियाज गॉट टॅलेंट'मध्ये गाण्याचं त्याचं स्वप्न. त्याचा बाप एरदेने मेकॅनिक आहे आणि सोन्याच्या खाणकंपन्यांना कुरणं देऊ नका म्हणून शेजाऱ्यांना एकत्र धरतो आहे. बाप अपघातात जातो. त्यानंतर पोरगा आईला न सांगता चोरून सोनं काढणाऱ्यांच्या टोळीत कामाला लागतो. ज्या खाणीविरुद्ध बाप लढला त्याच मातीत पोराचे हात.

हा सिनेमा पाहताना माझ्या डोळ्यांपुढे भीमा आणि सीनेचं पात्र येत होतं. रात्री वाळू भरून जाणारे डंपर, खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी, पात्राकडेच्या विहिरींना लागलेली ओहोटी. आणि गावातलीच पोरं फावडं घेऊन त्या कामावर, कारण रोज रोख मिळते. त्यांना शिव्या देणं सोपं असतं. दावा अमराला शिव्या देत नाही. त्याला भूक नाही, त्याला दुःख आहे आणि काहीतरी करायचं आहे, आणि आजूबाजूला तेवढं एकच काम आहे. आई झाया भांडत नाही, रडत बसत नाही, दूध तापवत राहते, लेकराकडे बघत राहते. तो चेहरा विसरणं अवघड आहे.

कंपनीची माणसं मात्र फारच पुसट आहेत. कंत्राट कसं होतं, कुरण कोणाच्या सहीने जातं, हे कळायला हवं होतं. मंगोलियात माणसं साधारण ३५ लाख आणि घोडे, गाई, उंट, मेंढ्या, शेळ्या मिळून जनावरं ६ कोटींच्या आसपास. कुरण गेलं म्हणजे काय गेलं, हे त्या आकड्यावरून समजतं. त्यात तिथे झुद येतो, म्हणजे असा हिवाळा की बर्फाखालचं गवत जनावराला उकरता येत नाही. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं मेली. आपण २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या चारा छावण्या पाहिल्या आहेत. जनावर उभ्या उभ्या खचतं तेव्हा मालक कसा दिसतो, ते सोलापूर जिल्ह्याला शिकवायला नको.

आता व्यवस्थेबद्दल. चित्रपटवेड्या मंडळींचा हा छोटा गट आहे, अजून नावही ठेवलेलं नाही. पोरं-पोरी मनापासून काम करतात. खुर्च्या स्वतः मांडतात, म्हाताऱ्यांना जिन्यावरून हात धरून वर आणतात. तरी लिहायला हवं. सकाळी साडेदहाचा खेळ आणि पूर्वेकडच्या खिडक्यांना पातळ पडदे, त्यामुळे गोबीची वाळू आणि आभाळ एकच पांढरं दिसत होतं. स्पीकर सिनेमाचे नाहीत, सभेचे आहेत. मोरिन खूरचा खालचा सूर फाटत होता आणि उर्नाच्या सिनेमात तर ते फारच खटकलं. दीड तासाच्या सिनेमाला मध्यंतर कशाला? उंटिणीच्या सिनेमात नेमकी पोरं वादकाला आणायला निघाली तिथे दिवे लागले, चहा आला, आणि परत बसेपर्यंत तार तुटली. वाटलेल्या पत्रकात चारही गोष्टी शेवटासकट छापलेल्या होत्या. ते बंद करा.

सगळ्यांत मोठी अडचण उपशीर्षकांची. ती इंग्रजीत होती. हॉलमध्ये निम्मी माणसं तेलुगू आणि कन्नड बोलणारी, बरीच वयस्कर, गिरणीतून निवृत्त झालेली. इंग्रजी वाचेपर्यंत ओळ जाते. माझ्या शेजारचे अण्णा म्हणाले, "उंटाचं सगळं समजलं, माणसांचं थोडं राहिलं." पहिल्या दोन सिनेमांना तेवढं पुरतं, शेवटच्या दोनांना नाही.

म्हणून आयोजकांना एक सुचवणं आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा भरतो, जनावरांचा बाजार लागतो, जिल्हाभरातून आणि कर्नाटकातूनही खिलार बैल घेऊन लोक येतात, रात्री तिथेच जनावरांजवळ मुक्कामाला असतात. त्यांच्यासाठी उंटिणीचा आणि पिवळ्या कुत्र्याचा, हे दोनच सिनेमे बाजाराजवळ उघड्यावर दाखवा. अंधार पडल्यावर, मध्यंतराशिवाय, तिकीट न लावता. कन्नडमधून सांगणारा कोणीतरी बघा. मराठीतून सांगायला मी उभा राहतो.